हितचिंतकांच्याही आधी देव

देवाला आयुष्यात पहिले स्थान द्यावे, हे चर्चच्या व्यासपीठावरून सांगितले जाते तसेच कीर्तनातही सांगितले जाते, आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणी त्याला हरकत घेत नाही. हरकत न घेण्याचे कारण उघड आहे. स्वस्थ बसून ऐकताना या उपदेशाची किंमत कळत नाही. ती कळते पहिल्या जागेवर आधीच बसलेल्या कोणाला तरी उठवावे लागते तेव्हा. कारण ती जागा कधीच रिकामी नसते. तिथे जात असते, घराण्याचा लौकिक असतो, पोटापाण्याची सोय असते, सरकारची भीती असते. आणि पुष्कळदा तिथे अशी माणसे बसलेली असतात ज्यांनी आपले भलेच केलेले असते. विरोधकाला तिथून उठवायला धैर्य लागते हे सगळेच मान्य करतील. उपकारकर्त्याला, गुरूला, जिवाभावाच्या स्नेह्याला उठवायला मात्र धैर्याच्या पलीकडचे काही लागते, आणि देवावरच्या विश्वासाची खरी कसोटी तिथे लागते असे माझे म्हणणे आहे. हे म्हणणे घासून पाहायचे तर पंडिता रमाबाईंच्या आयुष्याकडे वळावे. त्यांना विरोध झाला हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. तो कोणाकोणाकडून झाला हे फारसे कोणी सांगत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत विद्वान. आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी संस्कृत शिकवले आणि तेवढ्यासाठी धर्मपंडितांचा रोष ओढवून घेतला. उडुपीला विद्वानांच्या सभेपुढे त्यांना आपली बाजू शास्त्राधाराने मांडावी लागली. पुढे हे कुटुंब तीर्थे करत, पुराणे सांगत देशभर फिरत राहिले. तेव्हा देवाला सर्वांत आधी मानण्याचा धडा रमाबाईंना कोण्या मिशनऱ्याने दिला असे नाही, तो बाळकडूतच मिळाला होता. मग १८७० च्या दशकातला दुष्काळ आला. जवळचे होते नव्हते ते अनुष्ठानांत आणि दानधर्मात संपले. विद्वान ब्राह्मणाने मजुरी करायची नाही आणि कोणापुढे हात पसरायचा नाही, हे वळण. शेवटी झाडपाला खाऊन दिवस ढकलायची वेळ आली. सगळे मार्ग खुंटल्यावर अनंतशास्त्रींनी जलसमाधी घ्यायचे ठरवले आणि धाकट्या लेकीला पोटाशी धरून तिचा निरोप घेतला. आपण तिला देवाच्या हाती सोपवले आहे, तिने त्याचीच होऊन राहावे आणि त्याचीच सेवा करावी, असे ते बोलल्याचे रमाबाईंनी १९०७ साली लिहिलेल्या इंग्रजी साक्षीत नोंदवून ठेवले आहे. मुलाने मजुरीला जायची तयारी दाखवली म्हणून ती जलसमाधी टळली. पण वडील वाचले नाहीत. मागोमाग आई अंथरुणाला खिळली. तिच्यासाठी तुकडाभर भाकरी मागायला रमाबाई एका ब्राह्मण बाईच्या दारी गेल्या तेव्हा लाजेने त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. कशीबशी मिळालेली बाजरीची भाकरी आईला गिळवली नाही. तीही गेली, आणि तिच्यानंतर थोरली बहीण.

देवावर भरवसा ठेवा असे सांगणाऱ्या प्रत्येकाने या भाकरीच्या तुकड्यापाशी थांबले पाहिजे. कारण सगळ्यांत कठीण आक्षेप इथेच उभा राहतो. या घराने देवाला पहिले स्थान दिलेच होते की! त्याचे फळ काय मिळाले? उपासमार आणि तीन मृत्यू. हा आक्षेप बाहेरच्या कोणी नास्तिकाने घेतलेला नाही, खुद्द रमाबाईंनी घेतला. भाऊ श्रीनिवासशास्त्री आणि त्या पुढे कित्येक वर्षे पायी फिरले. झेलमच्या काठी थंडीत अंगावर पांघरायला काही नव्हते, तेव्हा वाळूत थडग्यासारखे खड्डे करून त्यांत निजायचे आणि डोके तेवढे बाहेर ठेवून वरून कोरडी वाळू लोटून घ्यायची, असे दिवस त्यांनी काढले. या भटकंतीत त्यांची परंपरागत श्रद्धा गळून पडली. पण नेमके काय गळून पडले ते नीट पाहायला हवे. मोडला तो एक व्यवहार. अमुक व्रत केले की अमुक फळ, अमुक दान दिले की अमुक संकट टळणार, ही देवाशी केलेली देवघेव दुष्काळाने खोटी पाडली. ही देवघेव काही एका धर्माची मक्तेदारी नाही. नवस बोलणाऱ्यांत ती असते आणि प्रार्थना केली की नोकरी मिळेल असे सांगणाऱ्या चर्चमध्येही असते. वडिलांनी निरोप घेताना सांगितलेली गोष्ट या व्यवहारात बसणारी नव्हती. त्यात मोबदल्याचे नावही नव्हते, तू कोणाची आहेस एवढेच होते. म्हणूनच ती दुष्काळातून वाचली, आणि वडिलांनी स्वप्नातही कल्पिले नसेल अशा वाटेने लेकीला घेऊन गेली.

त्या वाटेचा पहिला टप्पा बहुतेकांना माहीत असतो. १८७८ साली कलकत्ता, तिथल्या पंडितांनी दिलेल्या ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या, भावाचा मृत्यू, जातीबाहेरच्या बंगाली वकिलाशी, बिपिनबिहारी दास यांच्याशी १८८० साली नोंदणी पद्धतीने विवाह, मुलगी मनोरमा, आणि लग्नाला दोन वर्षेही पुरी होत नाहीत तोच पटकीने पतीचा मृत्यू. १८८२ साली त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर आणि शिक्षिका हव्यात अशी मागणी केली. पुण्याने त्यांना डोक्यावर घेतले. पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेज येथे मुलीसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याबरोबर त्याच पुण्याने त्यांना खाली उतरवले. त्यांच्या बाजूने उभे राहणाऱ्या मोजक्या मोठ्या माणसांत जोतीराव फुले होते. १८८५ सालच्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंची बाजू घेतली. इथवरची गोष्ट, धर्म बदलला म्हणून समाज उलटला, अशी सरळ सांगता येते आणि सांगणारे सहसा इथेच थांबतात.

खरे तर पेच इथून सुरू होतो. वाँटेजच्या सेंट मेरी मठातल्या भगिनींनी रमाबाईंना घर दिले होते, परक्या मुलखात लेकीसह आसरा दिला होता. सिस्टर जेराल्डिन ही त्यांची धर्ममाता; रमाबाई तिला मायेने आणि आदराने पत्रे लिहीत. या मठाची अपेक्षा अशी की नव्या विश्वासूने मंडळीची शिकवण जशी दिली तशी घ्यावी. रमाबाई मात्र प्रश्न विचारत राहिल्या. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना सहजी पटेना. पवित्र शास्त्रात अमुक कुठे लिहिले आहे ते दाखवा, असा त्यांचा आग्रह. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही असा प्रश्न निघाला, आणि हिंदुस्थानचा अनुभव असलेल्या बिशपांनी ते अयोग्य ठरवले. ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितांच्या भरसभेत संस्कृतात भाषण केले होते, तिने इंग्लंडात पुरुषांना शिकवू नये! रमाबाईंचे १८८५ सालचे उत्तर त्यांच्या पत्रव्यवहारात आहे. भारतातल्या पुरोहितवर्गाच्या जोखडातून आपण महत्प्रयासाने सुटलो आहोत, तेव्हा दुसऱ्या पुरोहितांकडून येणारी प्रत्येक गोष्ट परमेश्वराची आज्ञा म्हणून स्वीकारून तसलेच जोखड पुन्हा मानेवर घ्यायला आपण तयार नाही, असा त्याचा आशय. सदसद्विवेकबुद्धी देवाने दिली आहे आणि तिचा जाब देवालाच द्यायचा आहे, ही त्यांची भूमिका. हे लिहिताना त्या त्याच लोकांच्या आश्रयाला होत्या, पदरी लहान मूल होते, मायदेशी परतावे तर तिथली दारे मिटलेली होती. शास्त्रीमंडळींशी झगडणे यापुढे सोपे म्हणायचे. तिथे निदान कोणाच्या मिठाला जागायचा प्रश्न नव्हता.

१८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या, फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला हजर राहिल्या, आणि तिथेच राहून त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे आपले गाजलेले इंग्रजी पुस्तक १८८७ साली काढले. बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली, तिने दहा वर्षे मदत देण्याचे मान्य केले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. विधवांना शिकवायचे, त्यांच्या धर्मात ढवळाढवळ करायची नाही, अशी बोली होती. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात होती. १८९३ मध्ये हे सगळे कोसळले. रमाबाई स्वतःच्या खोलीत लेकीबरोबर प्रार्थना करत, दार उघडे असे, आणि सदनातल्या काही मुली तिथे येऊन बसू लागल्या होत्या. ‘केसरी’ने झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या, आणि रानडे-भांडारकरांनी राजीनामे दिले. सदन टिकवायचे तर एकच गोष्ट करायची होती: दार लावून घ्यायचे. रमाबाईंनी ते लावले नाही.

इथे सुधारकांची बाजू मनापासून समजून घेतली पाहिजे, नाहीतर ही गोष्ट पोथीतल्या चमत्कारासारखी होऊन बसते. विधवेला शाळेत धाडणारा बाप त्या काळी केवढी जोखीम पत्करत होता! सदनात गेलेली मुलगी ख्रिस्ती होते असा बभ्रा झाला असता तर पुण्यातल्या स्त्रीशिक्षणालाच खीळ बसली असती, ही रानडे यांची भीती खोटी नव्हती. त्यांनी शब्दावर विश्वास ठेवून आपली पत पणाला लावली होती. असहाय विधवा मुली, त्यांना अन्न-वस्त्र देणारी आणि त्यांच्या श्रद्धेचा विषय झालेली एक बाई, या नात्यात दबाव न आणताही दबाव असतो, हा मुद्दा आजही कोणत्याही धर्माच्या आश्रमाला लागू आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. माझ्या मते रमाबाईंनी या मुद्द्याला पुरेसे वजन दिले नाही. पण त्यांच्या बाजूने दोन गोष्टी ठामपणे सांगता येतात. एक म्हणजे सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई तिथे काही वर्षे राहिली आणि हिंदूच राहिली. त्याच १८९३ साली तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि आनंदीबाई कर्वे म्हणून विधवांच्या शिक्षणाच्या कामाला ती स्वतः लागली. दुसरी गोष्ट अशी की रमाबाईंनी लपवाछपवी केली नाही. गुपचूप प्रार्थना चालवून वर तटस्थतेचा देखावा करणे सहज शक्य होते. त्यांनी उघड्या दाराने नुकसान सोसले. धर्मात ढवळाढवळ न करण्याचा शब्द दिला होता, देवाला घराच्या मागच्या खोलीत कोंडण्याचा नव्हे, असे त्यांचे म्हणणे. हा भेद सुधारकांना पटला नाही. तो पटणारा होता असेही मी म्हणत नाही; मात्र तो प्रामाणिक होता याविषयी मला शंका नाही.

आता यावर कोणीही विचारील, आणि विचारावेच, की देवाची आज्ञा म्हणून हट्ट धरणाऱ्यात आणि नुसत्या हट्टी माणसात फरक कसा ओळखायचा? देवाचे नाव घेऊन लोकांनी युद्धे केली आहेत, बायकांना जाळले आहे, शेजाऱ्याला अस्पृश्य ठरवले आहे. ‘देवाला आधी’ म्हणणारा माणूस बहुधा स्वतःलाच आधी ठेवत असतो, हा अनुभव काही थोडाथोडका नाही. याला पक्के गणिती उत्तर नाही, पण आयुष्यभराचा हिशेब पाहता येतो. ज्याने देवाच्या नावाने सत्ता, पैसा आणि वाहवा मिळवली त्याच्याविषयी संशय घ्यायला जागा आहे. रमाबाईंच्या बाबतीत प्रत्येक वेळी उलटे घडले: पंडिता म्हणून मिळालेला मान बाप्तिस्म्याने गेला, मठाची मर्जी प्रश्नांनी गेली, सुधारकांचा आधार उघड्या दाराने गेला. आणि जे मिळाले ते अशा माणसांकडे वळले ज्यांच्याकडून परत काही येण्याजोगे नव्हते. हुकूम आपल्या सोयीचा असेल तर तो बहुतेक आपणच सोडलेला असतो. रमाबाईंना मिळालेला एकही हुकूम त्यांच्या सोयीचा नव्हता.

देवावर हवाला टाकणारा माणूस हातपाय गाळून बसतो, हा दुसरा नेहमीचा आक्षेप. ‘ठेविले अनंते’ म्हणत अन्याय सोसत राहायची सवय आपल्या समाजाला लागली आहे आणि धर्माने ती लावली आहे, असे समंजस माणसेही म्हणतात. त्यात तथ्य आहेच. रमाबाईंच्या घरातली उपासमार हाच त्याचा पुरावा. पण नेमके तेच घर सोसलेल्या बाईने पुढे काय केले पाहा. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. शारदा सदनाचा पैसा ठरावीक संख्येच्या उच्चवर्णीय विधवांसाठी ठरवून दिलेला होता, आणि असोसिएशनच्या मदतीची दहा वर्षेही संपत आली होती. मागेपुढे पाहण्याला सबळ कारण होते. जॉर्ज म्यूलरसारख्या, कोणाकडे पैसा न मागता केवळ प्रार्थनेच्या भरवशावर अनाथालये चालवणाऱ्या माणसांची चरित्रे वाचून रमाबाईंना प्रश्न पडला होता की असा विश्वास हिंदुस्थानात ठेवता येणार नाही का. दुष्काळाने उत्तर द्यायची वेळ आणली. स्वतःच्या भुकेची आठवण ताजी होती, आणि उपाशी मुली आपल्या जाळ्यात ओढणारे दलाल दुष्काळी भागात फिरत होते. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. जात विचारली नाही. तेवढ्यात पुण्यात प्लेग. एवढी माणसे शहरात ठेवायला मनाई. मग पुण्यापासून रेल्वेच्या वाटेवर साठेक किलोमीटरवर, केडगावला फळबागेसाठी घेतलेल्या सुमारे १०० एकर जमिनीवर राहुट्या आणि झोपड्या उभ्या राहिल्या. तेच मुक्ती सदन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या माणसांची संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली.

या दीड-दोन हजार जणींना नुसते प्रार्थनेला बसवले नव्हते. शेती, विणकाम, शिवण, दूधदुभते, तेलघाणा, छापखाना, असा एकेक उद्योग तिथे चालू झाला आणि तो बायकांनी चालवला. मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकून आल्या आणि आंधळ्या मुलींना ती शिकवू लागल्या. समाजाने वाईट चालीच्या ठरवून टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघाले. ज्या घरात देवभक्ती म्हणजे मजुरी न करणे असे वळण होते, त्या घरातल्या मुलीने देवभक्ती आणि हाताला घट्टे पाडणारे काम यांची अशी सांगड घातली. इतकेच नव्हे, प्लेगच्या छावणीत आणि इस्पितळात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी १८९७ साली वर्तमानपत्रात पत्र लिहून मुंबई सरकारला धारेवर धरले, आणि सरकारने ते आरोप फेटाळले. सरकार ख्रिस्ती होते आणि त्याही ख्रिस्ती होत्या, पण त्या नात्याचा मुलाहिजा त्यांनी ठेवला नाही. ज्याची पहिली जागा पक्की ठरलेली असते त्याला दुसऱ्या-तिसऱ्या जागेवरच्यांचे भय उरत नाही, आणि म्हणून तो जास्त काम करू शकतो, असाच याचा अर्थ मला लागतो. सतत सर्वांची मर्जी राखण्यात माणसाची निम्मी शक्ती जाते. रमाबाईंची ती शक्ती विहिरी खणण्यात आणि मुली शिकवण्यात लागली.

उरतो देवाच्या उद्देशाचा प्रश्न, आणि तो फार जपून हाताळावा लागतो. रमाबाईंवर लिहिणारे भाविक लेखक कधीकधी मोठ्या सहजपणे लिहून जातात की आईवडिलांची उपासमार झाली ती पुढे मुक्ती सदन उभे राहावे म्हणूनच. मला हे लिहिणे क्रूर वाटते. लक्ष्मीबाई काही कोणाच्या चरित्राचे पहिले प्रकरण व्हायला भुकेने मेल्या नाहीत. त्या एक माणूस होत्या. पवित्र शास्त्रही या बाबतीत भाष्यकारांपेक्षा जपून बोलते. योसेफाला भावांनी विकले, पुढे मिसर देशात त्याच्याच हातून दुष्काळात धान्यवाटप झाले, आणि तुम्ही वाईट योजले तरी देवाने त्यातून भले केले असे तो भावांना म्हणाला. हे वाक्य बोलण्याचा अधिकार योसेफाचा, कारण खड्ड्यात तो पडला होता. तेच वाक्य भावांनी त्याला सुनावले असते तर ती निर्लज्ज पळवाट झाली असती. ईयोबाच्या मित्रांनी त्याच्या दुःखाचे कारण देवाच्या वतीने समजावून सांगितले, आणि शेवटी देवाने रागावून दोष दिला तो त्या मित्रांना. दुसऱ्याच्या हालअपेष्टांत देवाचा हेतू दाखवायला जाऊ नये. दिसला तर तो ज्याचा त्याला दिसतो, आणि बहुधा मागे वळून पाहताना. रमाबाईंनीही आपला दुष्काळ चांगला होता असे म्हटले नाही. त्या दुष्काळाने त्यांना भूक ओळखायला शिकवले होते, आणि मध्य प्रांतातल्या मुलींच्या चेहऱ्यावर त्यांनी ती ओळखली. देवाच्या उद्देशावर भरवसा म्हणजे तो उद्देश आपल्याला ठाऊक आहे असा दावा नव्हे. ठाऊक असेल तर भरवसा लागतोच कशाला?

हे त्यांच्या शेवटच्या वर्षांइतके दुसरीकडे कुठे स्पष्ट दिसत नाही. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातून त्या जवळजवळ पुसल्या गेल्या होत्या. एकेकाळी काँग्रेसच्या अधिवेशनाला हजर राहणारी, कमिशनपुढे बोलणारी बाई केडगावच्या माळावर राहिली, आणि पुण्या-मुंबईच्या सुशिक्षितांनी तिच्याकडे पाठ फिरवली. हे नुकसान त्यांचे होते तितकेच महाराष्ट्राचेही. शिवाय त्यांचा ख्रिस्ती प्रचाराचा स्वर उत्तरोत्तर तीव्र झाला आणि जुन्या मित्रांशी बोलण्याची वाट अरुंद होत गेली. त्याची काही जबाबदारी त्यांच्याकडेही जाते. मुक्तीचा वारसा मनोरमाबाई चालवतील असे सर्वांनी धरून चालले होते. त्या १९२१ साली गेल्या. वाळूच्या खड्ड्यात निजलेल्या, नवरा, भाऊ, आईबाप पोचवलेल्या या बाईने एकुलत्या एक मुलीलाही पोचवले. तेव्हा त्यांच्या हातात एक काम अर्धवट होते. खेड्यातल्या, जेमतेम वाचायला शिकलेल्या बाईला कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्र उतरवायचे म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतले होते आणि मुळावरून भाषांतर चालवले होते. मुक्तीच्या छापखान्यात मुक्तीच्याच बायका ते छापत होत्या. मुलगी गेल्यावरही ते काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. मराठी मंडळ्यांत मात्र तो रूढ झाला नाही. उपासनेत बायबल सोसायटीचेच भाषांतर वाचले जात राहिले, आणि रमाबाईंचे भाषांतर अभ्यासकांच्या कपाटात गेले. इतक्या वर्षांच्या कष्टांचे असे होणार हे त्यांना कोणी आधीच सांगितले असते तरी त्यांनी हातातली मुद्रिते बाजूला ठेवली असती, असे त्यांच्या आयुष्यातल्या एकाही निर्णयावरून वाटत नाही.